थंड इंजिनाची पहिल्या दोन-तीन सेकंदांची खडखड : टायमिंग चेन उघडावी का?

जुळे सोलापूरकर

नमस्कार. माझ्याकडे २०१३ सालची पेट्रोलवर चालणारी लहान मोटार असून तिचे १,१८,००० किलोमीटर झाले आहेत. गेल्या दोन महिन्यांपासून सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू केले की बेल्टच्या बाजूने, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज दोन-तीन सेकंद येतो आणि आपोआप थांबतो. त्यानंतर दिवसभर गाडी कितीही वेळा सुरू केली तरी तो येत नाही; मात्र गाडी दोन दिवस उभी राहिली की तो जास्त वेळ टिकतो. वापर मुख्यतः घर ते मार्केट यार्ड एवढाच आहे, पुण्याला वर्षातून चार-पाच वेळा जाणे होते. एका मेकॅनिकने काहीही न तपासता चेन गेल्याचे सांगितले, तर दुसऱ्याने सोलापूरच्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही, २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल घाला म्हणजे आवाज बसेल, असा सल्ला दिला. कोणाचे ऐकावे?

वर्कशॉपवाला काका

दोघांचेही ऐकू नये, निदान आज तरी.

टायमिंग चेन क्रँककडून, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याकडून, कॅम, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा, फिरवते. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी व्हावी, हे तिचे काम. ती ताठ ठेवणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात त्यातले ऑइल खाली उतरले, की सकाळी पंपाचा दाब पोहोचेपर्यंत चेन ढिली राहून गाइडवर (चेन जिच्यावरून घसरते ती पट्टी) किंवा कव्हरवर आपटते. आपण वर्णन केलेला आवाज या प्रकाराशी जुळतो, परंतु एवढ्यावरून चेन झिजली असे सिद्ध होत नाही. टेन्शनरचा आतला व्हॉल्व ऑइल धरून ठेवत नसेल, ऑइलची पातळी उतरली असेल किंवा निकृष्ट फिल्टरमुळे रात्रीतून वाहिन्या रिकाम्या होत असतील, तरीही असेच ऐकू येते.

जाड ऑइलचा सल्ला तर उलटाच आहे. बाहेर ४२ अंश असले तरी सकाळचे थंड इंजिन ते थंडच, आणि नेमक्या त्या वेळी जाड ऑइल टेन्शनरपर्यंत उशिरा पोहोचते. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेली श्रेणीच घालावी.

प्रथम डिपस्टिक पाहावी आणि ऑइल-फिल्टर बदलून आठवडाभर गाडी चालवावी. आवाज राहिलाच तर थंड इंजिनावर बाहेरचा बेल्ट काढून काही सेकंदच इंजिन चालवून पाहावे, म्हणजे अल्टरनेटर आणि रोलर यांच्यावरचा संशय फिटेल. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक कव्हरवर आणि मूठ कानाला लावली की आवाज कोठून येतो तेही कळते; टॅपेटचा (व्हॉल्व दाबणाऱ्या भागाचा) आवाज वरून, टिकटिक असा येतो आणि इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो. त्यानंतर गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावावा. पी००१६ हा कोड आला तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ बिघडला असे समजावे, मात्र सेन्सर किंवा व्हॉल्वची वेळ बदलणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा झडपेसारखा भाग) अडकल्यानेही तो येऊ शकतो. कोड नाही म्हणून चेन चांगली, असेही नाही.

बार्शी रोड

माझा अनुभव थोडक्यात सांगतो. दोन वर्षांपूर्वी मलाही केवळ टेन्शनर बदलून देण्यात आला आणि महिनाभर इंजिन अगदी शांत होते. नव्या टेन्शनरने झिजलेली चेन ताणून धरली एवढेच. जुना गाइड मात्र तसाच होता. तो तुळजापूरच्या घाटात तुटला, चेनने दात ओलांडले, पिस्टन व्हॉल्ववर आदळले आणि हेडचे (व्हॉल्व असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागाचे) सगळे काम करावे लागले. त्या वेळी वाचवलेल्या पैशांचा हिशेब मी अजून घरी सांगितलेला नाही.

साखर कारखान्याचा फिटर

मोटार हा माझा विषय नाही, परंतु चेनचा आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे गव्हाणीतून ऊस वर नेणारी चेन असते. लोक ‘चेन ताणली गेली’ म्हणतात, पण लोखंडी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्याची पिन आणि तिच्याभोवतीची नळी म्हणजे बुश यांच्यामध्ये केसाएवढी झीज होते आणि शेकडो सांध्यांची बेरीज होऊन लांबी वाढलेली दिसते. सायकलच्या चेनच्या २४ सांध्यांचे अंतर नवीन असताना बरोबर १२ इंच भरते आणि ते इंचाच्या सोळाव्या भागाने वाढले की चेन बदलतात, यावरून एकेका सांध्याची झीज किती सूक्ष्म असते याची कल्पना यावी. लांबलेली चेन दातांच्या तळाशी न बसता वर चढते आणि दात आकड्यासारखे वाकडे खाते. म्हणून जुन्या स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकावर, नवी चेन चढवू नये. पिना खाणारी वस्तू म्हणजे ऑइलमधली काजळी आणि बारीक कण. चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही, त्यामुळे ऑइलमध्ये उतरलेले पेट्रोल व पाणी उडून जात नाही. आपल्या गाडीचे किलोमीटर कमी दिसले तरी ऑइल लवकर बदलावे ते याचसाठी.

वर्कशॉपवाला काका

फिटरदादांशी पूर्ण सहमत आहे. उघडायची वेळ आलीच तर चेन, टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट हा सगळा संच घ्यावा, कारण खर्च मुख्यतः कव्हर उघडण्याचा असतो. गाइडचा तुकडा पडलेला दिसला तर ऑइल पॅन उतरवून तो शोधलाच पाहिजे, नाहीतर तो ऑइल पंपाच्या जाळीत अडकून पंपाला उपाशी मारतो. कॅम आणि क्रँक जागच्या जागी धरणारी लॉकिंग हत्यारे आहेत का, हे काम देण्यापूर्वी विचारावे. केवळ खडूने खुणा करतो म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नये. जोडणी झाल्यावर चावी फिरवण्याआधी क्रँक तिच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा जुळवाव्यात. मध्येच अडले तर जोर न लावता तिथेच थांबावे.

जुळे सोलापूरकर

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे. ऑइल जवळजवळ एक लिटर कमी निघाले, ही चूक माझीच. नवे ऑइल आणि फिल्टर घातल्यावर आवाज कमी झाला, पण गेला नाही. बेल्ट काढून पाहिले तरी तो होता. स्कॅनरवर कोड नव्हता. शेवटी उघडायला सांगितले आणि स्वतः उभा राहिलो. टेन्शनरचा दट्ट्या जवळपास पूर्ण बाहेर आलेला होता आणि एका गाइडमध्ये चेनची खोल चाकोरी पडली होती, मात्र तो तुटलेला नव्हता. जुनी व नवी चेन एकाच खिळ्याला लटकवली, तेव्हा जुनी साधारण चार मिलिमीटरने खाली आली. पूर्ण संच बदलला असून सकाळची खडखड थांबली आहे. आता एक बारीक किरकिर ऐकू येते, परंतु ती बेल्टच्या रोलरची असल्याचे स्क्रू ड्रायव्हरने माझे मलाच कळले. तो पुढच्या आठवड्यात बदलणार आहे.