सॅन स्टॉर्ममध्ये स्विफ्टचं इंजिन बसवावं, की मूळचंच बांधून घ्यावं?

कोथरूडकर_स्टॉर्म:
गाडी सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोन सीटची, उघड्या टपाची. फायबरचं अंग, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन, ताकद साठ बीएचपीच्या आसपास. आता तेल पिते, गरम झाली की सुरू व्हायला त्रास देते. एकेका सेन्सरसाठी दारोदार फिरायचं मला नको आहे. म्हणून मारुती स्विफ्टचं के-१२ इंजिन बसवायचं मनात आहे. ११९७ सीसी, सुमारे ८५ बीएचपी, टायमिंग बेल्टऐवजी चेन, आणि पार्ट गल्लोगल्ली. मला वेग वाढवायचा नाही, ताम्हिणीतून निर्धास्त परत यायचं आहे.

माझं ठाम मत आहे की भंगारातून नुसतं इंजिन उचलू नये. मागून ठोकलेली अख्खी स्विफ्ट घ्यावी. ती चालू करून ऐकता येते, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजता येतं. शिवाय ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), त्याच्याशी जोडलेली चावी, पूर्ण वायरिंग आणि पेट्रोल पंप एकाच गाडीचे मिळतात. इंजिनची अदलाबदल, म्हणजे स्वॅप, फसतात ते बहुतेक या जुळवाजुळवीत.

नानापेठ_लेथ:
दादा, अख्खी गाडी घ्यायचा मुद्दा पटला. स्वॅप नाही पटला. इंजिन मारुतीचं म्हणजे गिअरबॉक्सही मारुतीचाच. मग एक्सल (चाकं फिरवणारे शाफ्ट) आतून मारुतीच्या मापाचे आणि चाकाकडे स्टॉर्मच्या हबच्या मापाचे लागणार. असे शाफ्ट कापून, जोडून बनवावे लागतात. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. घाटात स्टिअरिंग पूर्ण वळवून चढताना जॉइंट कटकट करायला लागतो. फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते) थोडं जरी चुकलं तरी शाफ्टचा कोन बिघडतो आणि सील गळतं. यातलं काहीच गल्लीत मिळणारं नाही. म्हणजे ज्या त्रासातून सुटायचं म्हणता, तोच दुसऱ्या दाराने घरात येतो.

त्यापेक्षा रेनॉचं इंजिन उतरवा. बोअर, रिंगा, बेअरिंग, हेडचं काम करून घ्या. भोसरीत चांगली मशीन शॉप आहेत. साधं इंजिन आहे ते.

कागदपत्रवाला:
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबर बघेल. समोरच्या जखमी माणसाचा विचार करा. संगम पुलाजवळच्या आरटीओत लेखी विचारल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

कोथरूडकर_स्टॉर्म:
कायद्याचं मान्य. परवानगी आधी, काम नंतर. लेखी नकार आला तर विषय संपला. पण बांधलेलं इंजिन भरवशाचं होतंच, हे मला मान्य नाही. मूळ मापाचे पिस्टन मिळत नाहीत म्हणून दुसऱ्या गाडीचे घासून बसवले, तर तोही जुगाडच की. आणि सेन्सर जुनेच राहतात. माझी गाडी रस्त्यात बंद पडते ती पिस्टनमुळे नाही, विजेमुळे.

नानापेठ_लेथ:
मग इंजिन कशाला बदलता? वायरिंग बदला!

धायरी_वायरमन:
याच कामात आहे म्हणून लिहितो. फायबरच्या अंगातून अर्थ, म्हणजे विजेला परतीची वाट, मिळत नाही. पत्र्याच्या गाडीत दिवा कुठेही बॉडीला टेकवला की चालतो. इथे प्रत्येक दिव्याला, पंख्याला, पंपाला स्वतंत्र अर्थची तार लोखंडी चौकटीपर्यंत न्यावी लागते. जुन्या गाडीत तिथे गंज धरतो. सेल्फ मारताना व्होल्टेज पडतं, ईसीयूला पुरेसं मिळत नाही, आणि आपण सेन्सर बदलत बसतो. गरम झाल्यावर सुरू न होणं हे त्यातलंच असू शकतं. सेल्फ मारत असताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं ऋण टोक यांमध्ये मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ खराब आहे.

स्वॅप केलाच तर रेडिएटर मारुतीचाच घ्या, पंखा दोन वेगांचा. चांदणी चौकात मे महिन्यात अडकल्यावर गाडी गार राहते का, ही खरी परीक्षा. आणि इंजिनचं चेंबर (खालचं तेलाचं भांडं) चौकटीच्या खाली येऊ देऊ नका, नाहीतर पुण्यातला पहिलाच स्पीडब्रेकर ते फोडेल.

पिंपरी_रेनॉप्रेमी:
महिंद्रा-रेनॉ लोगन गाडीचं १.४ पेट्रोल इंजिन का नको? २००७ पासून इथे विकलं गेलं, ७५ बीएचपी, रेनॉचंच. नाशिकला बनायची ती गाडी, जुन्या अजून सापडतात.

कागदपत्रवाला:
सीसी बदलते, इंजिन नंबर बदलतो. परवानगीचा प्रश्न तोच.

कोथरूडकर_स्टॉर्म:
लोगनचा विचार आवडला, पण बेल हाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाची) भोकं स्टॉर्मच्या गिअरबॉक्सशी जुळतात का, हे दोन्ही शेजारी ठेवून मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. अर्थची तपासणी आणि कॉम्प्रेशन या रविवारी करतो, आकडे इथेच टाकतो. ब्लॉक झिजलेला निघाला तर मी स्वॅपच्याच बाजूने आहे. नानापेठदादा, तुम्ही म्हणता ते शाफ्ट कोणत्या कारखान्यात बॅलन्स करून मिळतात? आणि कुणाकडे स्टॉर्मचा जुना गिअरबॉक्स पडून असेल तर मापं घ्यायला येऊ का?