सशांच्या खुराड्याखाली उंदीर: न मारता कसे घालवावेत?

परसदार (प्रश्न)

परसात लाकडी खुराडं आहे. एका कप्प्यात दोन मोठे ससे, दुसऱ्यात दोन गिनीपिग. खुराडं विटांवर ठेवलंय, खाली जेमतेम दहा सेंटीमीटर मोकळी जागा. मागच्या बाजूला भिंतीला लागून बीळ पडलंय. तोंड सहा-सात सेंटीमीटर रुंद, बाहेर ताजी माती. सकाळी दाण्याच्या भांड्यात लेंड्या सापडतात, दीड सेंटीमीटरच्या, दोन्ही टोकं बोथट. दारांना षटकोनी कोंबडीजाळी आहे, तिचा एक कोपरा आत वाकलेला दिसतो.

विष आणि चिकट पुठ्ठे अजिबात वापरायचे नाहीत. उंदीर मरायला नकोत, फक्त सशांपासून दूर जायला हवेत. पिंजऱ्यात पकडून लांब नेऊन सोडणं बरं का? पेपरमिंटचं तेल किंवा अल्ट्रासॉनिक यंत्र चालतं का? आणि बिळात पिल्लं असली तर काय करायचं?

---

तारजाळी

लेंडी आणि बिळाचं माप बघता हा मोठा तपकिरी उंदीर आहे. घरातल्या लहान उंदराची लेंडी तीन ते सहा मिलिमीटरची, तांदळाच्या दाण्यासारखी असते. चिचुंद्री असती तर उग्र वास आला असता आणि दाण्याला तोंड लागलं नसतं, कारण तिचं मुख्य खाणं किडे.

बीळ आत्ता बुजवू नका. आधी दाणा. मोठा उंदीर दिवसाला साधारण वीस-तीस ग्रॅम खातो. दोन-दोन किलोच्या दोन सशांना पेलेट (गोळ्यांचा तयार दाणा) लागतात दर किलो वजनामागे सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे दोघांचे मिळून शंभर ग्रॅम. भांडं रात्रभर भरलेलं राहिलं तर त्यात तीन-चार उंदरांचं पोट भरतं. पेलेट सकाळी मोजून द्या आणि अंधार पडायच्या आत उरलेले उचला, खाली सांडलेलेसुद्धा.

सुकं गवत मात्र रात्रीही काढायचं नाही. सशाच्या आणि गिनीपिगच्या आतड्याला सतत चोथा लागतो. काही तास पोट रिकामं राहिलं तर आतडी मंदावतात आणि जनावर दगावू शकतं. नुसत्या सुक्या गवतावर उंदीर जगत नाही, ते तो फार तर घरटं करायला नेईल. गवत जमिनीवर न टाकता खुराड्याच्या भिंतीवरच्या गव्हाणीत ठेवा.

दाण्याचं पोतं पत्र्याच्या झाकणवाल्या डब्यात ठेवा. प्लास्टिकचा डबा कुरतडला जातो, सुरुवात झाकणाच्या कडेपासून होते. पाण्याची बाटली ठिबकत असेल तर नळीतली गोळी साफ करा. मोठ्या उंदराला रोज पाणी लागतं आणि बाटलीखालचा ओला पट्टा त्याला पुरतो.

---

मोकळं_अंगण

पिंजऱ्याचा सापळा लावा, पाच-सहा किलोमीटरवर नेऊन सोडा. सोपं आणि दयाळू.

---

पाणवठा

दिसायला दयाळू आहे, पण उंदराच्या बाजूने बघा. तपकिरी उंदराचा वावर बिळापासून साधारण तीस ते पन्नास मीटरच्या आतच असतो. त्याच्या वाटा, आडोसे, खाण्याच्या जागा सगळं त्या परिघात. अनोळखी जागी सोडलेल्याला बीळ नसतं, तिथले उंदीर त्याला टिकू देत नाहीत, आणि उघड्यावर तो शिकार होतो. पकडलेली पिल्लांची आई निघाली तर बिळातली पिल्लं उपाशी मरतात. शिवाय दाणा तसाच राहिला तर मोकळ्या झालेल्या बिळात दुसरा उंदीर येतो.

सापळ्याचा उपयोग एकाच ठिकाणी: सगळ्या फटी बंद केल्यावर एखादा आत अडकून राहिला तर. तेव्हाही नियम पाळा. सापळा भिंतीला चिकटून, सावलीत. आत मूठभर सुकं गवत आणि पाण्यासाठी काकडीचा तुकडा. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले चार-पाच दिवस दार उघडं बांधून आत नुसतं खाणं ठेवा, मग सापळा चालू करा. पहाटे आणि संध्याकाळी बघायचाच, बघायला जमणार नसेल त्या रात्री दार पुन्हा बांधून ठेवा. मादीचे सड मोठे आणि त्याभोवतीचे केस गेलेले दिसले तर ती पाजती आहे, तिथल्या तिथे सोडा. इतरांना संध्याकाळी, शंभर मीटरच्या आत, झुडपांच्या आडोशाला सोडा.

पेपरमिंट एक-दोन रात्री त्यांना थबकवेल, पण वास उडाला की ते परत. आणि तो तीव्र वास बंद खुराड्यात सशांच्या नाकाला त्रास देतो. अल्ट्रासॉनिक यंत्राला उंदीर लवकर सरावतात. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, सशाला आणि गिनीपिगला येतं. म्हणजे उंदीर पळू शकतो, पण तुमची जनावरं कोंडलेली आहेत, त्यांना तो आवाज रात्रभर सोसावा लागेल. डांबराच्या गोळ्या तर जवळही आणू नका, त्या विषारी आहेत.

---

तारजाळी

आता जाळी. कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवण्यासाठी असते, उंदीर बाहेर ठेवण्यासाठी नाही. तिच्या भोकातून लहान उंदीर सरळ आत येतो आणि मोठा तिची बारीक तार वाकवतो, तोडतो. मोठ्या उंदरासाठी गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी घ्या: भोक १२ मिलिमीटर, तार निदान १ मिलिमीटर जाड. लहान उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणून तोही अडवायचा असेल तर दारांना आणि हवेच्या झरोक्यांना ६ मिलिमीटरची जाळी.

जाळी नुसत्या स्टेपल पिनांवर सोडू नका, त्या उपटतात. रुंद वॉशर घालून स्क्रू मारा, दर सात-आठ सेंटीमीटरवर एक, आणि वरून लाकडी पट्टी.

खालून जाळी लावायची ती फळीच्या तळाला, सशांच्या पायाखाली नाही. सतत जाळीवर बसल्याने सशांच्या मागच्या पायांच्या तळव्यांना जखमा होतात. फळी तशीच ठेवून बाहेरून जाळी मारा.

दाताला धरायला कडा लागते. सपाट फळीवर उंदराचे दात घसरतात, पण दाराच्या खालच्या कडेला किंवा फळीच्या सांध्याला ते बरोबर बसतात. म्हणून दाराच्या चारही कडांना पत्र्याची एल आकाराची पट्टी लावा आणि दार बंद केल्यावर फट ६ मिलिमीटरपेक्षा कमी आहे का ते पेन्सिलीने बघा. नेहमीची पेन्सिल साधारण ७ मिलिमीटरची असते. ती शिरली तर लहान उंदीरही शिरेल; न शिरली तरी पट्टीने मोजून खात्री करा.

फटी फोमने भरू नका, तो कुरतडला जातो. स्टेनलेसची तारघासणी घट्ट कोंबून वर सिमेंट-वाळूचा माल. साधी लोखंडी घासणी गंजून भुगा होते.

दहा सेंटीमीटरची जागा म्हणजे उंदराला छप्पर. तिथे अंधार आहे, कोरडं आहे आणि तुमचा हात पोचत नाही. खुराडं पायांवर किमान ४५ सेंटीमीटर वर घ्या, म्हणजे खाली उजेड येईल आणि झाडता येईल. मोठा उंदीर उभ्या उडीत एवढं सहज गाठतो, त्यामुळे उंची जाळीच्या ऐवजी नाही, जाळीच्या जोडीला. भिंतीपासूनही हातभर पुढे ओढा.

---

परसदार

दाण्याचं आजपासून करतो. पण पिल्लांचं? बुजवण्याआधी बीळ रिकामं आहे हे कळणार कसं?

---

पाणवठा

वर्तमानपत्राचा सैल बोळा बिळाच्या तोंडात ठेवा आणि पुढे पीठ भुरभुरवा. आतून ढकललेला बोळा आणि पिठातले ठसे सकाळी दिसतात. सलग तीन कोरड्या रात्री बोळा हलला नाही तरच बीळ रिकामं समजा. दुसरं तोंड असतंच असं धरून चाला. ते बहुतेकदा एक-दोन मीटरवर गवतात, सैल मातीने झाकलेलं असतं. तिथेही हेच.

पिल्लांचे डोळे दोन आठवड्यांनी उघडतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती स्वतः खायला लागतात. पण नुसतं थांबून राहण्यात एक अडचण आहे. मादी व्याल्यावर एक-दोन दिवसांतच पुन्हा गाभण राहू शकते आणि गर्भ २१ ते २३ दिवसांचा. दाणा चालू ठेवून थांबलात तर पहिली वीण बाहेर पडेपर्यंत दुसरी तयार. म्हणून दाणा बंद करा आणि बीळ मात्र उघडं ठेवा. खाणं आटलं, वरचा आडोसा गेला की आई पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते.

हे हळू करा. पहिल्या दिवशी खुराड्याखालचा पसारा, दोन-तीन दिवसांनी भिंतीलगतचं गवत आणि फळ्या, सगळ्यात शेवटी अंगणाच्या टोकाचा लाकडांचा ढीग. सगळं एकाच दिवशी उपसलंत तर त्यांना जायला जागा उरत नाही आणि ती खुराड्यातच घुसतात. खुराड्यापासून बाहेरच्या दिशेने सरकत गेलात तर पुढचा आडोसा समोर मिळत राहतो.

खुराड्याला दुहेरी तळ असेल आणि त्या पोकळीत उंदीर असतील तर एक सोडून सगळ्या फटी बंद करा. उरलेल्या भोकावर बाहेरून जाळीची झडप: भोकापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार सेंटीमीटर मोठी, वरच्या कडेला सैल तारेच्या कड्यांवर टांगलेली, खालची कडा फळीला टेकलेली. आतून ढकलली की उघडते, बाहेरून दाबली की भोकावर बसते. पहिल्या दोन-तीन रात्री ती वर बांधून ठेवा म्हणजे त्यांना सवय होईल, मग सोडा. आतून चूं-चूं ऐकू येत असेल तर झडप लावूच नका, आई बाहेर अडकेल.

---

तारजाळी

बीळ रिकामं झालं की खडी आणि सिमेंटचा माल ठासून भरा. मग खुराड्याभोवती जाळीची झालर: ४५ सेंटीमीटर रुंद पट्टी जमिनीवर आडवी, आतली कडा खुराड्याच्या पायांना तळाशी स्क्रूने, बाहेरची कडा यू आकाराच्या खिळ्यांनी जमिनीत, वर पाच सेंटीमीटर खडी. उंदीर खणायला सुरुवात भिंतीच्या पायथ्याशी करतो. तिथे जाळी लागली की तो तिच्याच कडेकडेने खणत राहतो, अर्धा मीटर मागे जाऊन बोगदा काढत नाही.

---

ओली_फडकी

सफाईबद्दल कोणी लिहिलं नाही. लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. जनावरं दुसरीकडे हलवा, रबरी हातमोजे घाला. घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग शिंपडून दहा मिनिटं थांबा, कागदाने टिपा, धुऊन पूर्ण वाळवा, मगच जनावरं आत. ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका. लेंड्या पडलेला दाणा निवडून वापरायचा नाही, सगळा फेकायचा.

उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात टिकतात, कोरड्यात लवकर मरतात, म्हणून बाटलीखालचा ओला पट्टा बंद करणं तुमच्यासाठीही गरजेचं आहे. हाताला चीर असेल तर हातमोज्यांशिवाय ओल्या मातीला हात लावू नका. अंगणात कुत्रा असेल तर त्याची लेप्टोची लस दरवर्षी. नंतर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना उंदरांचं आवर्जून सांगा. आणि गिनीपिग किंवा ससा व्यायला असेल तर जाळीचं काम होईपर्यंत पिल्लं आईसकट घरात आणा, मोठा उंदीर रात्री त्यांना मारू शकतो.