बिल थकले, प्लॉट रस्त्यात चालला: ठेकेदाराचा बोजा 7/12 वर चढतो का?

हिंगणा_सिव्हिल
हिंगणा तालुक्यातल्या एनए प्लॉटवर तळमजला अधिक तीन मजले बांधून दिले. शेवटची दोन आरए बिले (चालू कामाची टप्प्यांची बिले) आणि रिटेन्शन (मालकाने राखून ठेवलेली रक्कम) मिळून 41 लाख येणे आहे. प्लॉटची समोरची पट्टी रस्त्यासाठी जात आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली कलम 19 ची घोषणा झाली, निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) बाकी आहे. 7/12 च्या इतर हक्कात बँकेचा बोजा आहे. त्याखाली आमची थकबाकी नोंदवा असा अर्ज केला, तलाठ्याने परत केला. तीन गोष्टी सांगा: नोंद होऊ शकते का, मोबदल्यातून आमचे पैसे थेट मिळतील का, आणि तोवर साइटचा ताबा धरून ठेवला तर? करारात लवादाचे कलम आहे.

सिव्हिल_लाइन्स_वकील
तलाठ्याने बरोबर केले. ठेकेदाराने बांधलेल्या इमारतीवरच लीन (थकबाकीपोटीचा हक्क) नोंदवायची सोय अमेरिकेत आहे; नेटवर वाचून लोक तीच इथे शोधतात. आपल्याकडे तसा कायदा नाही. करार कायदा 1872 च्या कलम 170 चे लीन हे दुरुस्तीला किंवा घडवायला दिलेल्या, तुमच्या ताब्यातल्या जंगम मालापुरते आहे. फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये पडलेल्या ग्रिलवर तो हक्क चालेल, स्लॅबमध्ये गेलेल्या सळईवर नाही. ती जमिनीचा भाग झाली. कलम 171 चा व्यापक हक्क बँकर, फॅक्टर, धक्कामालक, उच्च न्यायालयाचे अटर्नी आणि विमा दलाल यांनाच. ठेकेदार त्या यादीत नाही.

जमिनीवर भार हवा तर मालकाने स्वतः तो निर्माण केला पाहिजे: नोंदणीकृत गहाणखत किंवा मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 100 खालचा चार्ज. मग दस्ताच्या आधारे फेरफार होतो. नाहीतर कोर्टाचा आदेश. एकतर्फी अर्जावर महसूल खाते इतर हक्कात काही लिहीत नाही, आणि लिहिले असते तर मालकाने अपिलात ते उडवले असते.

ताबा धरू नका. ठेकेदार साइटवर परवानगीने असतो, त्याला जागेचा हक्क नसतो. वर अतिक्रमणाची तक्रार, नुकसानभरपाईचा प्रतिदावा, दोन्ही ओढवून घ्याल. सेंटरिंग प्लेटा, मिक्सर, न वापरलेला स्वतःचा माल मात्र पंचनामा आणि फोटो काढून उचलून घ्या.

फेरफार_क्रमांक
मोबदल्याचे सांगतो. कलम 21 ची नोटीस निघाली की हितसंबंधितांनी आपले म्हणणे द्यायचे असते. पण भूसंपादन अधिकारी बघतो तो जमिनीतला हितसंबंध. मालक, बँक, पट्टेदार, वहिवाटीचा हक्क असलेला, हे त्यात येतात. नुसते येणे असलेला येत नाही. तरीही लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तिने पैसे थांबत नाहीत, पण मालकाला मोबदला मिळणार हे तुम्हाला माहीत होते याची तारीख पक्की होते. पुढे कोर्टात कामी येते.

इमारतीचा भाग पट्टीत येत असेल तर कलम 29 खाली त्याचे वेगळे मूल्यांकन होते आणि त्यावरही 100 टक्के दिलासा रक्कम लागते. तुमची मोजमाप वही तिथे उपयोगी आहे. पैसा मात्र मालकाच्या नावाने, आणि आधी बँक. वाटपावर वाद उभा राहिला तर कलम 77 प्रमाणे रक्कम प्राधिकरणात जमा होते. तो वाद हक्कदारांमधला असावा लागतो.

वेळ मोजा. घोषणेपासून 12 महिन्यांत निवाडा व्हायला हवा, म्हणजे तुमच्याकडे कोर्टाचा आदेश आणायला काही महिनेच आहेत.

एमबी_बुक
वकीलसाहेबांनी दार बंद केले, खिडकी सांगतो.

लवादाचे कलम आहे म्हणून लवाद व समेट कायद्याच्या कलम 9 खाली जिल्हा न्यायालयाच्या कमर्शियल कोर्टात अंतरिम संरक्षण मागा. बांधकाम कराराचा वाद हा कमर्शियल कोर्ट्स कायद्याने व्यापारी वाद आहे. लवाद नसता तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 38 नियम 5 खाली निकालापूर्वीची जप्ती मागितली असती. कसोटी साधारण तीच. इथे बहुतेक अर्ज पडतात. कारण फक्त 'पैसे थकले' एवढेच लिहिलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये स्पष्ट केले आहे की बिनतारणी कर्जाला तारणी करून द्यायला ही तरतूद नाही. मालक मोबदला हलवणार आहे, किंवा बाकी मालमत्ता विकतो आहे, हे शपथपत्रावर कागदांसह दाखवा: नव्या विक्रीची इंडेक्स-2 (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा), न वटलेला चेक, व्हॉट्सअॅपवरचे वाक्य, जे असेल ते. मागणी नेमकी ठेवा: 'मोबदल्यातून बँकेचे देणे वजा जाता 41 लाखांपर्यंत रक्कम रोखावी.' सगळा मोबदला मागितलात तर कोर्ट ऐकत नाही.

आदेश मिळाला की भूसंपादन अधिकाऱ्याला बजावणी. सरकारी अधिकाऱ्याच्या हातातल्या रकमेची जप्ती आदेश 21 नियम 52 प्रमाणे त्याला नोटीस देऊन होते. बँकेच्या आधीच्या हक्काला मात्र जप्तीने धक्का लागत नाही. आणि कलम 9 चा आदेश मिळाल्यापासून 90 दिवसांत लवाद सुरू करावा लागतो. हे विसरणारे भाऊ भरपूर आहेत.

पुराव्यात सर्वात जड कागद म्हणजे दोघांच्या सह्यांची संयुक्त मोजणी. ती नसेल तर मालकाला आजच मोजणीला बोलावा, न आला तर रजिस्टर्ड पत्र आणि आर्किटेक्टचे प्रमाणपत्र. 26एएसमध्ये (प्राप्तिकर खात्याच्या करकपातीच्या विवरणात) मालकाने तुमच्या बिलावर 194सी चा, म्हणजे ठेकेदाराच्या बिलातून कापायचा टीडीएस कापलेला दिसत असेल तर बिल त्याच्या हिशेबात घेतले गेले याला पूरक पुरावा मिळतो. मुदत तीन वर्षांची, काम झाल्यापासून. ती संपण्याआधी लेखी कबुली किंवा काही रक्कम मिळाली तर नव्याने मोजली जाते. एमएसएमईच्या (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याच्या) समितीकडे जायचा सल्ला कोणी देईल. वर्क्स काँट्रॅक्टला तो कायदा लागत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटले आहे, वेळ घालवू नका.

हिंगणा_सिव्हिल
मालकाने संमती दिली, किंवा थेट खरेदी झाली तर?

फेरफार_क्रमांक
तर वेळ आणखी कमी, जी. थेट खरेदीत निवाडा नसतो. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत होते आणि पैसे थेट खात्यात. 12 मे 2015 च्या शासन निर्णयाने त्यात मोबदल्यावर 25 टक्के जास्त आहे, म्हणून मालक वाट पाहत नाहीत. कोर्टाच्या मागणीत भूसंपादन अधिकाऱ्यासोबत संपादन करणाऱ्या खात्याचेही नाव घाला आणि 'निवाडा, संमती किंवा खरेदीखत, कोणत्याही मार्गाने मिळणारी रक्कम' असे शब्द लिहा. नाहीतर आदेश निवाड्यापुरता आणि पैसा दुसऱ्या वाटेने गेलेला, असे होते.