मदत हवी आहे: आठ महिन्यांची मुलगी, हिमोग्लोबिन ९.४, घर शाकाहारी

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला, इंदिरानगरात राहतो. लेक आठ महिन्यांची. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग उष्टावण झालं. आता सकाळी नाचणीसत्त्व, दुपारी वरणाचं पाणी नि मऊ भात, संध्याकाळी केळं. वजन ठीक आहे, रांगायच्या बेतात आहे. पण फिकट दिसते म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४. डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिलेत. व्हिटॅमिन डी चे रोज ४०० युनिट आधीपासून चालू आहेत. दवाखान्यात एवढी गर्दी की बाकीचं विचारायचं राहूनच गेलं.

सासूबाई म्हणतात, नाचणी खाते ना, मग लोह कमी कसं? शिवाय थेंबांनी दात काळे पडतील. आई सिन्नरहून अळिवाचे लाडू पाठवते, "तू खा, दुधातून जाईल तिला." नणंदेचं म्हणणं, गाईचं दूध सुरू कर. अंडं आमच्या स्वयंपाकघरात येत नाही आणि त्यावरून सध्या मला वाद नकोय.

तर खाण्यात नेमकं काय बदलू? अळिवाचा उपयोग होतो का? द्राक्षांच्या पेट्या घरी येताहेत, ती द्यावीत का? "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" छापाचे प्रतिसाद नकोत, ते घरी फुकट मिळतात.

गंगापूररोडकर:
थेंब बंद करू नका, हे आधी. बाळ जन्मताना लोहाचा जो साठा घेऊन येतं तो साधारण सहा महिन्यांत संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. तुम्ही अळीव कितीही खाल्लंत तरी दुधातलं लोह फारसं वाढत नाही. लाडू खा जरूर, पण स्वतःसाठी. बी१२ चं मात्र उलट आहे: आईला कमी असेल तर दुधातही कमी उतरतं, आणि शाकाहारी घरांत ही कमतरता नेहमीची. तुमचं बी१२ तपासून घ्या, आणि बाळाचंही बघायला हवं का ते डॉक्टरांना विचारा.

नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम, १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. लोह मात्र चार-पाच मिलिग्रॅमच, आणि फायटेट या लोह अडवून धरणाऱ्या घटकामुळे त्यातलंही थोडंच अंगी लागतं. मोड आणून सत्त्व केलं तर फायटेट कमी होतं. वरणाचं पाणी बंदच करा. डाळ राहते तळाशी आणि इवलंसं पोट भरतं पाण्याने! घट्ट वरण, मसुराची मऊ खिचडी द्या, वर लिंबू पिळा. क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं.

थेंब दुधाबरोबर नकोत. गालाच्या आत, मागच्या बाजूला सोडा. दातांवर डाग आले तरी ते वरवरचे असतात. शी काळपट होईल, घाबरू नका.

सिडकोची_मावशी:
गाईचं दूध प्यायला म्हणून वर्षाच्या आत नको. त्यात लोह अगदी कमी, आणि काही बाळांच्या आतड्यातून त्याने नकळत रक्तही जातं. मधसुद्धा वर्षापर्यंत चाटवू नका, बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. अख्खं द्राक्ष घशात अडकतं. नीट धुऊन, साल-बी काढून, उभे चार तुकडे करा. नऊ महिने भरले की गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर व्हिटॅमिन ए चा १ लाख युनिटचा डोस असतो, तो चुकवू नका.

धागाकर्ती:
दोघींचे आभार. मसूर भिजत घातलाय, सासूबाईंनीच. एक राहिलं: अंगणवाडीतून आठवड्यातून दोनदा द्यायचं लोहाचं औषध मिळालंय. तेही द्यायचं का?

गंगापूररोडकर:
नाही, दोन्ही एकदम नको. ते प्रतिबंधासाठी असतं, १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लोह. तिचा उपचाराचा डोस वजनावरून ठरलाय. बाटली डॉक्टरांना दाखवा, तोवर त्यांनी दिलेले थेंबच चालू ठेवा, आणि दोन्ही बाटल्या उंचावर ठेवा. रांगायला लागेल आता.