मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर तेच, तास वेगळे – आपले अनुभव सांगा

निळाई : परवा भाचीने न्यूयॉर्क किती लांब आहे असे विचारले आणि आईचा पहिला विमानप्रवास आठवला. मध्यरात्रीनंतर मुंबईहून निघालेली आई सुमारे 16 तास बसून उतरली, तेव्हा तिकडे त्याच दिवसाची सकाळ होती, "एवढा वेळ गेला कुठे?" असे तिने विमानतळावरच जावयाला विचारले. परतताना दीड-दोन तास कमी लागले, पण सोमवार जवळजवळ सगळा विमानातच संपला, त्यामुळे तिच्या उपवासाचा हिशेब कोणालाच लावून देता आला नाही. अंतर दोन्ही वेळा सुमारे 12,500 किलोमीटरच होते.

अटकेपार : उपवासाचे ठाऊक नाही, पण तास कमी होण्याचे कारण वारा आहे. सुमारे 10 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे वारे मुंबईकडे येताना पाठीशी असतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. 2016 साली एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेण्यास सुरुवात केली. ती वाट सुमारे 1,400 किलोमीटरने लांब असूनही वाऱ्यामुळे विमान जवळपास 2 तास आधी पोहोचू लागले. लांबून नेणाऱ्या रिक्षावाल्यांनी मात्र हे कारण सांगू नये, एवढीच विनंती.

सांजवेळ : रिक्षावाल्यांचे अगदी पटले! समोरच्या पडद्यावर आपले विमान उत्तरेकडे निघालेले पाहून माझ्या शेजारच्या काकू अस्वस्थ झाल्या होत्या, कारण त्यांच्या मते अमेरिका पश्चिमेला होती. घरी पृथ्वीगोल असल्यास मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून पाहावा. तो अरबस्तानावरून न जाता मध्य आशिया, रशियावरून आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो.

घाटमाथा : दोरा कसाही ताणला तरी खालच्या देशाची परवानगी लागतेच. 2019 मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना मोठा वळसा पडला, आणि एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांवर तीच वेळ पुन्हा आली. वळशाने इंधन जास्त लागते, म्हणून उत्तर अमेरिकेची काही विमाने वाटेत व्हिएन्नाला उतरू लागली. माझा भाऊ त्यांपैकी एका विमानात होता. व्हिएन्ना पाहिले का, असे सगळे त्याला विचारतात आणि तो चिडतो.

आजोळकर : एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा 1960 साली सुरू झाली तीच मुळी लंडनमार्गे, आणि मुंबईहून कोठेही न थांबता जाणारे तिचे विमान 2007 साली आले. आमच्या पिढीला लंडनला पाय मोकळे करता येत असत, त्यामुळे वेळ वाचल्याचे कौतुक माझ्या गुडघ्यांना नाही. निळाई, आपल्या आईंना एवढा वेळ बसणे कसे जमते?

निळाई : काका, आई तिकीट काढतानाच कडेची जागा मागून घेते आणि जेवणाची आवराआवर झाली की मागपर्यंत चालून येते. आपणही तसेच करून पाहावे. खिडकीची जागा सांजवेळ यांना द्यावी.