शोकाच्या काळात शिकारी पक्षी शिकवावा का?

प्रश्न:
वडिलांना जाऊन सात महिने झाले. कामावर नियमित जातो, परंतु घरी परतल्यावर बूटही न काढता तासन् तास बसून राहतो. पूर्ण लक्ष दिल्याशिवाय जो शिकतच नाही, असा ससाणा किंवा तत्सम पक्षी हाताशी असेल तर मन थाऱ्यावर येईल, असे अलीकडे वाटू लागले आहे. अनुभवींनी मोकळेपणाने सांगावे.

उत्तर १:
आई गेल्यानंतर मी परवाना काढून, एका जाणत्या व्यक्तीच्या हाताखाली हॅरिस हॉक या शिकारी पक्ष्याची मादी शिकवली. सुरुवातीचे दिवस अंधूक खोलीत, जाड हातमोज्यावर तिला घेऊन, नजरेला नजर न देता केवळ बसून राहण्यात गेले. ती पिसे अंगाशी आवळून, चोच उघडी ठेवून माझ्याकडे पाहत असे. एका संध्याकाळी तिने मान वाकवून बोटांमधला मांसाचा तुकडा उचलला, तेव्हा तासाभरात आईची आठवणच आली नव्हती हे ध्यानात आले आणि सुटकेऐवजी अपराधीच वाटले. रोज वजन करून वहीत लिहावे लागते, कारण वजन थोडे वाढले तर भूक नसल्याने पक्षी बोलावूनही येत नाही आणि फार घटले तर त्याच्या जिवावर बेतते. त्या वहीमुळे माझ्या दिवसाला निदान सुरुवात तरी होत असे.

उत्तर २:
मी थोडा वेगळा सूर लावतो. हा पक्षी कुत्र्यासारखी माया लावत नाही. तो हातावर येतो तो खाद्यासाठी. शिवाय तो वीस वर्षेही जगू शकतो, म्हणजे दुःख ओसरल्यावरही जबाबदारी उरतेच. मी तर पक्ष्याचे निमित्त करून मित्रांचे फोन घेणेच बंद केले होते. अनेक देशांत असे पक्षी पाळण्यास बंदी किंवा कडक नियम आहेत, म्हणून आधी जखमी पक्ष्यांच्या उपचार केंद्रात मदतीला जावे. तिथे पक्षी माणसाळू नये याचीच काळजी घेतात, कारण तो बरा झाला की त्याला सोडून द्यायचे असते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. वडिलांच्या रक्तातील साखरेची नोंद रोज सकाळी मीच वहीत करीत असे, त्यामुळे वजनाच्या वहीचा उल्लेख वाचून बराच वेळ थांबलो. पक्षी आणण्याचा विचार सध्या बाजूला ठेवतो आणि उपचार केंद्रात चौकशी करतो.