वृद्धाश्रमात शेवटच्या टप्प्यातल्या आजींचा त्रास कमी कसा करायचा?

प्रश्न (निपाणी)
आमच्या वृद्धाश्रमातल्या एका आजींचा कॅन्सर हाडांत पसरलाय, उपचार थांबवलेत. डॉक्टरांनी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर ४ तासांनी सांगितलीय, पण आया दुखलं तरच देतात. माकडहाडावर लाल डाग आलाय. ४ दिवस पोट साफ नव्हतं, आज पातळ होतंय. पोट साफ होण्याचं औषध बंद करू का?

उत्तर १ (बेळगाव)
थांबा. घट्ट मळाच्या गोळ्याच्या कडेनं पातळ मल झिरपला तरी जुलाबच वाटतो. आधी नर्सकडून गुदद्वार तपासून घ्या. मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतंच, म्हणून सारक औषध पहिल्या गोळीसोबतच सुरू हवं. इसबगोल नको, पाणी कमी पिणाऱ्याला त्यानं उलट आवळतं.

आणि गोळी घड्याळावरच द्या. असर साधारण ४ तास टिकतो. ठणका उसळला की तो आवरायला जास्त औषध लागतं. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० आणि पहाटे २. रात्री १०ची दुप्पट देऊन पहाटे २ची गाळता येते, पण डॉक्टरांना विचारूनच. मधेच दुखलं तर द्यायची जादा गोळीही त्यांच्याकडून लिहून घ्या. पहिले २-३ दिवस गुंगी येते. मात्र हाक मारून उठेनात किंवा श्वास फार मंदावला, तर पुढची गोळी न देता लगेच फोन करा.

अमली पदार्थांच्या कायद्यातल्या (एनडीपीएस) २०१४च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय, पण दर दुकानात ते नसतं. आठवड्याच्या गोळ्या उरल्या असतानाच चिठ्ठी घ्या.

उत्तर २ (खानापूर)
डाग बोटानं दाबा. पांढरा पडला नाही, तर जखमेची सुरुवात समजा. तेल, पावडर, चोळणं नको. रबरी रिंगही नको, तिच्या कडेनं रक्तपुरवठा दबतो. पाठीमागं उशी देऊन ३० अंश कुशीवर ठेवा, पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी राहू द्या. सरकवताना ओढू नका, दोघींनी घडीच्या चादरीनं उचला. कूस दर २ तासांनी बदला. हलवताना दुखत असेल तर जादा गोळी अर्धा तास आधी द्या. एअर बेड असेल तर वीज गेल्यावर हवा उतरते, म्हणून खाली फोमची गादी ठेवा.

उत्तर ३ (चिकोडी)
आया कन्नड बोलणाऱ्या आणि आजी मराठी, असं असेल तर वेळापत्रक दोन्ही भाषांत लावा. दुखणं ० ते १० बोटांनी विचारा. तोंड कोरडं पडत असेल तर अर्धा लिटर पाण्यात अर्धा-अर्धा चमचा मीठ व खायचा सोडा घालून ओल्या गॉजनं पुसा. पांढरे डाग दिसले तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. खाणं नको म्हणाल्या तर भरवू नका. दोन चमचे गार आंबील पुरे.